म्यानमारच्या लोकांनी २०२१चा लष्करी उठाव मुकाट्याने मान्य केला का?

नाही, अजिबात नाही.

१ फेब्रुवारी २०२१ला, नवी संसद भरायच्या दिवशीच, लष्कराने लोकांनी निवडून दिलेल्या नेत्या आंग सान सू ची यांना अटक केली. तीन महिन्यांपूर्वीच त्यांच्या पक्षाने ४७६ पैकी ३९६ जागा जिंकल्या होत्या. दुसऱ्या रात्री यांगूनमध्ये घराघरांतून भांडी वाजू लागली. भांडी बडवून वाईट शक्ती हाकलायची तिथली जुनी रीत. सरकारी दवाखान्यांतले डॉक्टर-नर्स कामावर जाईनात. पाठोपाठ शिक्षक, रेल्वेवाले, बँकवाले.

मला सगळ्यात भिडलं ते बायकांनी केलेलं. गल्लीत आडव्या दोऱ्या बांधून त्यांनी आपल्या लुंग्या टांगल्या. बाईच्या लुंगीखालून गेलं की पुरुषाचं तेज जातं, अशी तिथली समजूत. सैनिक आधी त्या उतरवायचे, मगच पुढे सरकायचे. बाईला कमी लेखणाऱ्या समजुतीचीच त्यांनी ढाल केली!

आमच्या जळगावच्या डाळ मिलींना लागणारा उडीद, तूर म्यानमारहूनही येतो. तेव्हा इथे चर्चा व्हायची ती तिकडच्या बंद बँकांची, अडकलेल्या मालाची. पण बँका बंद होत्या कारण कर्मचाऱ्यांनी स्वतःचा पगार पणाला लावला होता, हे मी भेटेल त्याला सांगायचो.

२७ मार्चला, सैन्यदिनी, एकाच दिवसात शंभरावर माणसं मारली गेली. त्यानंतर कितीतरी तरुण पोरं जंगलात गेली आणि हातात बंदूक घेतली.