आधी कंदील सोडायचा

"मॅडम, आता या वयात लाइन बदलायची म्हणजे आजवरचं सगळं पाण्यात की हो!"

सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य महिन्यातून चार-पाचदा तरी येतं. बोलणारे वेगळे असतात. कधी तासगावच्या शिक्षिका, कधी इस्लामपूरच्या पतसंस्थेतले कारकून, कधी मिरजेत डॉक्टरांच्या दारात बॅग घेऊन ताटकळणारे एम. आर. वय साधारण पस्तीस ते पंचेचाळीस. पगार अगदीच वाईट नसतो, पण रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो. त्यांतल्या एकांची गोष्ट सांगते. नाव आणि काही खुणा बदलल्या आहेत.

सुरेशराव तेव्हा 39 वर्षांचे होते. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत 14 वर्षं क्वालिटीला होते. मनातून त्यांना आयटीआयमध्ये निदेशक व्हायचं होतं, पोरांना शिकवायचं होतं. हे सहा वर्षं चाललेलं.

"सहा वर्षांत त्यासाठी काय काय केलंत?"

"विचार."

पहिल्याच बैठकीत मी हुशारी केली. "58 ला निवृत्ती धरली तर तुमची अजून 19 वर्षं नोकरी आहे. मागची 14 वाया जाऊ नयेत म्हणून पुढची 19 घालवायची का?" त्यांनी मान डोलावली, वहीत लिहूनही घेतलं. पुढच्या आठवड्यात आले ते पुन्हा "सगळं पाण्यात" म्हणतच. वादात मी जिंकले होते आणि माणूस जागचा हलला नव्हता. नवीन असताना मी अशा वेळी समोरच्याला चिकाटी नाही असं ठरवून मोकळी व्हायचे. आता माझं काहीतरी ऐकायचं राहिलंय असं समजते.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या परंपरेतली, त्यामुळे माझा कान पहिल्यांदा 'च'कडे जातो. सुरेशरावांच्या बोलण्यात ते पेरलेले होते. 'जमलंच पाहिजे', 'एकदा सोडली की परत फिरायचं नाहीच', 'लोक हसणारच'. नवीन काम जमावं ही इच्छा कुणालाही असते. तिला 'च' चिकटला की तिचा हट्ट होतो, आणि हट्ट धरलेला माणूस खात्री हातात पडेपर्यंत उंबऱ्यावरच उभा राहतो. हे मी त्यांना सांगितलं. पटलं त्यांना. पण हा 'च' आला कुठून, ते मलाही कळलं नव्हतं.

तिसऱ्या बैठकीला ते ड्यूटीवरून थेट आले. बॅगेतून पाण्याची बाटली काढताना त्यांचा वर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं हत्यार, बाहेर आला. मी सहज उचलला आणि माझ्या पेनची जाडी मोजायला गेले. ते चटकन पुढे झुकले. "दाबू नका. जबडे नुसते टेकवायचे. दाबलं की माप खोटं येतं." मग मुख्य पट्टी, सरकती पट्टी, कुठली रेघ कुठल्या रेघेशी जुळते, 0.02 मिलिमीटरपर्यंत कसं वाचायचं, सगळं दाखवलं. मी दोनदा चुकले. दोन्ही वेळा त्यांनी उत्तर न सांगता माझा अंगठा थोडा मागे सरकवला.

'बघा, हीच तुमची आवड!' असं म्हणायचा मोह झाला होता, तो आवरला. आवड त्यांना सहा वर्षांपासून ठाऊकच होती. मी वेगळंच विचारलं. "तुमच्या घरात याआधी कुणी लाइन बदलली होती?"

बराच वेळ ते वर्नियर पुढे-मागे सरकवत राहिले. मग म्हणाले, "वडलांनी. म्हणजे बदलावी लागली."

वडील हरिपूरला हळदीच्या पेवांवर हमाल. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हे गाव पेवांसाठी प्रसिद्ध. जमिनीत खोल खोदलेली, अरुंद तोंडाची, मोठ्या पोटाची ही कोठारं, आत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता टिकायची. 2005 च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं, पुष्कळ पेवं निकामी झाली. वडलांचं काम गेलं. पुढं ते एका गोदामावर रात्रपाळीचे वॉचमन झाले. "पेवात उतरणारा माणूस होता तो. खुर्चीत बसून पेंगताना बघायला नको वाटायचं."

तेव्हा सुरेश वीस वर्षांचा होता. या घरात 'लाइन बदलणं' म्हणजे पूर येणं, होतं ते बुडणं. 'पाण्यात' हा शब्द मी इतक्यांदा ऐकला होता, पण वाक्प्रचार म्हणून. त्यांच्यासाठी ते खरंखुरं पाणी होतं. इतकी वर्षं सांगलीत राहून मला हे आधी ऐकू येऊ नये, याचं आजही नवल वाटतं.

"वडलांना पुरानं ढकललं," मी म्हणाले. "तुम्हाला कुणी ढकलत नाहीये. पेव उघडलं की वडील लगेच उडी मारायचे का?"

ते हसले. "छ्या! आत वायू असतो. तोंड उघडून काही तास तसंच ठेवायचं. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर माणूस उतरत नाही." आणि थांबले. मीही काही बोलले नाही. दोन-तीन मिनिटांनी स्वतःच म्हणाले, "मी कंदीलच सोडला नाही की."

हा 'च' मात्र मी तसाच राहू दिला.

कंदील तेवत राहिला म्हणून आत सोनं आहे असं नव्हे. उतरलो तर गुदमरणार नाही, एवढंच तो सांगतो. लाइन बदलताना आधी तेवढं कळलं तरी पुरे, आणि ते राजीनामा न देता कळतं. सुरेशराव तीन निदेशकांना भेटले. अनेक जण तासिका तत्त्वावर आहेत, सुट्टीच्या महिन्यांत हातात फारसं काही पडत नाही, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. कंदील जरा मंदावला. कायम जागेसाठी वर्षभराचं निदेशक प्रशिक्षण करून ठेवलेलं बरं, हेही कळलं. म्हणजे वर्षभर पगार नाही.

मग आम्ही हिशोबाला बसलो. समुपदेशनात पैशाचं बोलणं काहींना कमीपणाचं वाटतं, मला नाही वाटत. घरखर्च महिना 27 हजार, म्हणजे वर्षाला 3 लाख 24 हजार. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 18 हजार. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी वर्षाला 15 दिवसांच्या पगाराइतकी, त्यासाठी महिना 26 दिवसांचा धरतात. 14 वर्षांचे होतात सुमारे 1 लाख 45 हजार. पेन्शन योजनेत दहा वर्षं पूर्ण झाल्यामुळे नोकरी सोडली तरी 58 नंतरच्या पेन्शनचा हक्कही शाबूत राहतो. इतकी मोठी गोष्ट 'सगळं पाण्यात' म्हणणाऱ्या बहुतेकांना माहीत नसते. वर्षाच्या खर्चातून ग्रॅच्युइटी वजा केली, आणि सहा वर्षं छातीवर बसलेल्या भीतीला आकडा मिळाला: 1 लाख 79 हजार. पत्नी ब्लाउज शिवतात. आकडा बघून त्या म्हणाल्या, "एवढंच होय? मला वाटलं घर विकावं लागतंय." नवऱ्याची धास्ती बायकोला कळलेली असते, तिचा हिशोब मात्र कुणी दाखवलेला नसतो. म्हणून मी दोघांना एकत्र बोलावतेच.

सुरेशराव अजून फाउंड्रीतच आहेत. दोन वर्षांत पैसे साठवून प्रशिक्षणाला जायचं ठरलंय. तोवर मित्राच्या शेडमध्ये दर रविवारी ड्रॉइंग वाचन आणि मापन शिकवतात. सुरुवात चार पोरांवर झाली. शिकवणं रोज झेपेल का, हे बघायचा हाही एक कंदीलच.

मागच्या आठवड्यात फोन आला. "मॅडम, सहा झाली आता. पण एक जण अजून दाबतोय."

"मग?"

"मग काय, त्याचा अंगठा मागं सरकवतोय."