नेमप्लेटवर १६० बार, प्रत्यक्षात १९०: अपघाताची जबाबदारी कोणाची?

प्रश्न : मी चाकण परिसरात हायड्रॉलिक दुरुस्तीची स्वतंत्र कामे करतो. ऑगस्ट २०२५ मध्ये एका प्रेसशॉपमधली सीझर लिफ्ट (कात्रीसारख्या पात्यांवर प्लॅटफॉर्म वर नेणारी) डाय, म्हणजे प्रेसचा जड साचा, उचलत नाही म्हणून मला बोलावले. नेमप्लेटवर क्षमता २ टन आणि प्रेशर १६० बार होते. गेज लावले तर १४५ दिसले. ते १६० वर आणले, तरी लिफ्ट उठेना. मेन्टेनन्सच्या साहेबांनी ‘वाढवा, आज माल निघाला पाहिजे’ असे सांगितले, तसा व्हॉट्सॲप संदेशही पाठवला. मी रिलीफ व्हॉल्व्हचा (प्रेशर ठरलेल्या मर्यादेपुढे जाऊ न देणाऱ्या झडपेचा) स्क्रू आणखी आत घेतला आणि १९० वर लिफ्ट उठली. अकरा दिवसांनी होज (तेलाची लवचिक नळी) फुटून प्लॅटफॉर्म खाली आला व एका कामगाराच्या पायाचे हाड मोडले. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५(ब) व २८९ खाली पोलिसांची नोटीस आली आहे. कंपनीने वकिलामार्फत सहा लाख रुपये मागितले आहेत. माझ्या बिलावर ‘प्रेशर चेक व ॲडजस्ट’ एवढेच आहे. जादा वजन टाकू नये अशी सूचना दिल्याचा जुन्या तारखेचा रिपोर्ट करून ठेव, असे मित्र सांगतो. अशाच आणखी दोन लिफ्ट मी वाढवून दिल्या आहेत. काय करावे?

उत्तर : जुन्या तारखेचा रिपोर्ट कोणत्याही परिस्थितीत तयार करू नका. आज आपल्यावर निष्काळजीपणाचा आरोप आहे. तो कागद तयार झाला की बनावट दस्तऐवज (कलम ३३६) आणि खोटा पुरावा रचणे (कलम २२८ व २२९) हे जाणूनबुजून केलेल्या गुन्ह्यांचे आरोप त्यात मिसळतील. शिवाय कंपनीकडे त्या रिपोर्टची पोच नसेल, गेटच्या नोंदवहीत त्याचा उल्लेख नसेल, आणि उलटतपासणीत हे उघड झाले की आपण खरे सांगितलेल्या गोष्टींवरही न्यायालय विश्वास ठेवणार नाही.

दुसरी गोष्ट आपल्याला रुचणार नाही, तरी लिहितो. १४५ वरून १६० वर आणणे ही दुरुस्ती होती. १६० वरून १९० वर नेणे ही दुरुस्ती नव्हती. रिलीफ व्हॉल्व्ह वजन उचलत नाही, तो क्षमतेपेक्षा जास्त वजन उचलू देत नाही. १६० वर लिफ्ट उठली नाही, याचा एक उघड अर्थ डाय २ टनांपेक्षा जड होती असा होतो, आणि हे साहेबांपेक्षा आपल्याला अधिक कळत होते. त्यांच्या सांगण्यावरून केले, हा बचाव आपला दोष हलका करतो, पुसून टाकत नाही.

मात्र चूक झाली म्हणजे अपघात त्याच चुकीमुळे झाला, असे कायदा मानत नाही. कुर्बान हुसेन मोहमदअली रंगवाला विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात, मुंबईतील रंगाच्या कारखान्याला लागलेल्या आगीत सात कामगारांचा मृत्यू झाला असतानाही, सर्वोच्च न्यायालयाने व्यवस्थापकाला निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याच्या आरोपातून मुक्त केले. आरोपीचे कृत्य हे मृत्यूचे थेट व निकटचे कारण असले पाहिजे, मध्ये दुसऱ्याचा निष्काळजीपणा आलेला नसावा, असे त्यात म्हटले आहे. पण त्याच निकालात ज्वलनशील पदार्थ निष्काळजीपणे हाताळल्याची शिक्षा कायम राहिली, हेही लक्षात ठेवा. दुखापतीच्या कलम १२५(ब) मधून आपण सुटू शकाल. यंत्राबाबतच्या निष्काळजीपणाचे कलम २८९, ज्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे, त्यातून सुटणे तुलनेने अवघड जाईल.

म्हणून आपला खरा पुरावा ती फुटलेली होज आहे. हायड्रॉलिक होजच्या अंगावर प्रकार, कार्यकारी प्रेशर आणि उत्पादनाची तिमाही व वर्ष छापलेले असते. चांगल्या होजची फुटण्याची मर्यादा कार्यकारी प्रेशरच्या साधारण चौपट धरलेली असते. तेव्हा सुस्थितीतली योग्य होज केवळ ३० बार वाढल्याने फुटणे संभवत नाही. ती जुनी होती का, पात्यांच्या मध्ये घासली जात होती का, आणि होज फुटताच तेल अडवणारा सेफ्टी व्हॉल्व्ह सिलिंडरच्या तोंडाशी होता का? तो असता आणि चालला असता, तर प्लॅटफॉर्म असा कोसळायला नको होता. त्या दिवशी प्लॅटफॉर्मवर नेमके किती वजन होते, हेही महत्त्वाचे, कारण प्रेशर भारामुळे चढते. भार २ टनांच्या आत असेल तर आपला स्क्रू कुठेही असला तरी होजमधले प्रेशर १६० च्या आसपासच राहिले असते. याला अपवाद एकच : लिफ्ट वरच्या टोकाला टेकल्यावरही कोणी बटण दाबून धरले, तर प्रेशर थेट १९० पर्यंत जाते. ही होज व पॉवरपॅक (पंप, टाकी व व्हॉल्व्हचा संच) पंचनाम्यात जप्त करून तज्ज्ञाकडून तपासावेत, असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्यांना लगेच द्या आणि पोच घ्या. कंपनीने होज भंगारात टाकली, तर हा पुरावा परत मिळणार नाही.

पोलिसांची नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खालची असेल, तर ठरल्या दिवशी हजर राहा. नोटिशीचे पालन करणाऱ्याला, विशेष कारणे नोंदवल्याशिवाय, त्या गुन्ह्यात अटक करता येत नाही. शिवाय दोन्ही कलमे जामीनपात्र आहेत. वकील बरोबर न्या. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आपल्यावर नाही. साहेबांचा संदेश असलेला फोन बदलू नका, विकू नका, चॅट पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्रासह तो सादर करता येईल.

कंपनीची बाजूही कोरी नाही. अपघात ऑगस्टमधला असल्याने, २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची नवी संहिता लागू झाली असली तरी, त्या घटनेला कारखाने अधिनियम, १९४८ लागू पडेल. सीझर लिफ्ट कलम २८ च्या ‘लिफ्ट’ या व्याख्येत बसते का, यावर वाद होऊ शकतो, कारण त्या व्याख्येत मार्गदर्शकांमधून सरकणारा प्लॅटफॉर्म अपेक्षित आहे. पण यंत्रसामग्री सुरक्षित ठेवण्याचे कलम ७-अ मधले कर्तव्य सरळ भोगवटादाराचे, म्हणजे कारखाना ज्याच्या ताब्यात आहे त्याचे, आहे आणि बाहेरच्या मेकॅनिकला बोलावल्याने ते मेकॅनिकवर सरकत नाही. २ टनांच्या लिफ्टवर त्याहून जड डाय ठेवण्याचा निर्णय आपण घेतलेला नव्हता.

सहा लाखांच्या नोटिशीला दिलेल्या मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्या. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियमाच्या कलम १३ खाली, भरपाई दिलेला मालक ती त्रयस्थाकडून मागू शकतो; मात्र त्रयस्थाची कायदेशीर जबाबदारी सिद्ध व्हावी लागते. कामगार ईएसआयचा (राज्य कामगार विमा) विमेदार असेल तर भरपाई तिकडून मिळते, मग कंपनीने स्वतः काय भरले, हा प्रश्न उत्तरात पहिला विचारा.

उरलेल्या दोन लिफ्टचे काम मात्र याच आठवड्यात करा. दोन्ही ठिकाणी आजच लेखी कळवा, की सेटिंग क्षमतेपलीकडे असल्याने लिफ्ट वापरू नये. मग प्लॅटफॉर्म रिकामा करून, पात्यांना टेकू देऊन, रिलीफ व्हॉल्व्हचा चेकनट (स्क्रू जागी धरणारा नट) सैल करा व स्क्रू पुरता मागे घ्या. टेकू काढून, खाली कोणी नसल्याची खात्री करून, नेमप्लेटइतकेच वजन ठेवा आणि लिफ्ट उठेपर्यंत स्क्रू आत घेत प्रेशर हळूहळू वाढवत न्या. प्रेशरचा आकडा नेमप्लेटच्या पुढे जाऊ देऊ नका. चेकनट आवळल्यावर त्यावर रंगाची खूण करा, गेजचा तारखेसह फोटो काढा, आणि जॉब कार्डावर आधीचे व नंतरचे प्रेशर लिहून मालकाची सही घ्या. मालकाने सही नाकारली, तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि एक प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयात देऊन पोच घ्या.