हात थरथरतात, सकाळी उठवत नाही: आयटीआयतून आलेली पत्रं

यंदा आयटीआयत दाखल झालेल्या मुलामुलींची, त्यांच्या पालकांची आणि निदेशकांची (म्हणजे तिथे शिकवणाऱ्या सरांची) काही पत्रं या अंकात घेतली आहेत. नावं गाळली आहेत. उत्तरं मानसोपचार आणि व्यवसाय प्रशिक्षण या दोन्ही क्षेत्रांतल्या जाणकारांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : फिटर ट्रेडच्या पहिल्या वर्षाला आहे. फाइलिंग करताना, म्हणजे कानशीने लोखंड घासताना, सर मागे येऊन उभे राहिले की हात थरथरतात, घाम सुटतो, छाती धडधडते. ते गेले की थोड्या वेळात ओसरतं. दोन जॉब (घडवायला दिलेले लोखंडाचे तुकडे) वाया गेले. मला हार्टचा त्रास आहे का? की हे काम माझ्याने होणारच नाही?

सर मागे आले की सुरू होतं आणि ते गेले की थोड्या वेळात ओसरतं, असं तू लिहिलंयस. म्हणजे ही भीतीची प्रतिक्रिया असण्याची शक्यता जास्त. भीती वाटली की ॲड्रेनलिन रक्तात उतरतं, हृदय जोरात चालतं, मोठे स्नायू ताठ होतात. पळून जायला असं शरीर उत्तम, पण अर्ध्या मिलिमीटरच्या आत फाइल चालवायला तेच आड येतं. नकळत आपण श्वास रोखतो, मूठ आवळतो. मग फाइल पाळण्यासारखी डुलते, कडा जास्त घासल्या जातात आणि पृष्ठभाग मधे फुगीर राहतो. जॉब बिघडला की पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. तुझ्या हातात कसब नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही.

थरथर सुरू झाली की फाइल बेंचवर ठेव. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास घे, सहा मोजेपर्यंत सोड. असं दहा वेळा केलं तर दोन मिनिटंही लागत नाहीत. खरी मदत सावकाश सोडण्याने होते, कारण श्वास बाहेर जाताना हृदयाची गती उतरते. पुष्कळ मुलं उलट करतात : छाती भरभरून जोरजोरात श्वास घेतात, त्याने चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि घाबरणं वाढतं. हा सराव घरी सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं आधी झालेला हवा. घाबरलेल्या क्षणी पहिल्यांदाच करून पाहिला तर जमत नाही.

मग व्हाइस, म्हणजे जॉब घट्ट धरणारा बेंचवरचा शिकंजा बघ. त्याच्या जबड्याची उंची तुझ्या कोपराइतकी हवी. तू बुटका असशील आणि व्हाइस उंच, तर खांदे चढतात आणि हात आधीच थकलेला असतो. पायाखाली लाकडी फळी मागून घे. फाइल पुढे ढकलताना श्वास सोड आणि दाब दे, मागे आणताना दाब काढ. पाच-सहा फटके झाले की गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडात फट तपास. नजर मोजमापात गुंतली की मागे कोण उभं आहे, तिकडे लक्ष जात नाही.

सरांना एकदा सांगायला हरकत नाही : ‘सर, तुम्ही मागे असलात की माझा हात बिघडतो. पहिला जॉब एकट्याने करून आणून दाखवू का?’ बहुतेक निदेशकांना हे आवडतं.

पहाटेची एसटी पकडायला उपाशी निघून, वर दोन चहा मारून वर्कशॉपला उभं राहणाऱ्यांचे हात तसेही थरथरतात. चपाती किंवा भाकरी खाऊन निघ, खिशात शेंगदाणे-गूळ ठेव. थरथर थांबेपर्यंत लेथ, ड्रिल किंवा ग्राइंडरला हात लावायचा नाही, मग सर रागावले तरी चालेल. आणि स्वस्थ बसलेला असताना छाती धडधडली, जिना चढताना दुखली किंवा भोवळ आली, तर आधी डॉक्टरांना दाखव. हिमोग्लोबिन कमी असेल किंवा थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असेल, तरी धडधड होते.

प्रश्न : मुलगा इलेक्ट्रिशियन ट्रेडला आहे. दिवाळीपासून सकाळी उठतच नाही, आठवड्यात दोन-तीन दिवस बुडवतो. पहाटेपर्यंत मोबाइल बघत असतो. त्याचे वडील म्हणतात, आळस आहे, दोन ठेवून द्या. आम्ही काय समजायचं?

ताई, आळशी मुलगा वर्गाला उठत नाही, पण क्रिकेटला उठतो. मित्राची गाडी दारात आली की पाच मिनिटांत तयार होतो. नैराश्यात आवडीची गोष्टही नकोशी होते. ती सुटली आहे का, हे आधी पाहा. बहुतेक दिवस, दिवसाचा बराचसा वेळ उदास किंवा चिडचिडा राहणं अथवा कशातच रस नसणं, आणि त्याच्या जोडीला झोप-भूक बिघडणं, थकवा, लक्ष न लागणं, ‘मी बिनकामाचा’ असं बोलणं हे दोन आठवडे टिकलं, तर डॉक्टरांकडे न्यायची वेळ झाली. या वयात उदासी बऱ्याचदा रडण्यातून दिसत नाही, उर्मट उत्तरांतून दिसते. म्हणूनच घरचे फसतात आणि मार बसतो. माराने तो तुमच्याशी बोलायचा बंद होईल.

मोबाइल बऱ्याचदा कारण नसून आसरा असतो. रात्री कोणी प्रश्न विचारत नाही, म्हणून तो वेळ त्याला बरा वाटतो. फोन हिसकावून भांडण होतं, झोप येत नाही. झोपायच्या वेळेपेक्षा उठायची वेळ आधी धरा. आज दहाला उठत असेल तर एकदम सहा नको, दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास अलीकडे. रविवारीही तीच वेळ. उठल्यावर अर्धा तास अंगणात किंवा गच्चीवर उजेडात बसवा, चार्जर दुसऱ्या खोलीत लावा आणि दुपारनंतरचा चहा बंद करा.

जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. १९ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ही चालतं. जाताना वहीत आठवडाभराची नोंद न्या : किती वाजता झोपला, कधी उठला, किती वेळा जेवला, वर्गाला गेला का. पंधरा दिवसांची गोष्ट तोंडी सांगताना निम्मी राहून जाते. गोळ्या दिल्या तर मळमळ, डोकेदुखी पहिल्याच आठवड्यात येते आणि गुण मात्र दोन ते चार आठवड्यांनी दिसतो. नेमक्या या मधल्या काळात ‘फरक नाही’ म्हणून लोक गोळी सोडतात. दुसरी चूक बरं वाटल्यावर होते. साधारणपणे बरं वाटल्यानंतरही सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावं लागतं आणि ते डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू उतरवतात.

हजेरीचं आजच बघा. परीक्षेला बसायला ८० टक्के लागते. तारखा असलेले उपचाराचे कागद घेऊन प्राचार्यांना आत्ताच भेटा. हजेरी घसरून झाल्यावर त्यांच्याही हातात फारसं उरत नाही.

प्रश्न : मी निदेशक आहे. वर्कशॉपमध्ये एक मुलगी सहज म्हणाली, ‘सर, मी नसले तर घरचा खर्च तरी वाचेल.’ याबद्दल विचारलं, तर मीच तिच्या डोक्यात नको ते भरवल्यासारखं होईल का?

नाही होणार. सरळ विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट कोंडलेलं बाहेर पडतं. आजच विचारा. इतरांसमोर नको. शांत जागी बसा, दार उघडं ठेवा, तिला हवं असेल तर एखाद्या मॅडमना सोबत घ्या. ‘तू काल जे म्हणालीस, त्याने मला काळजी वाटतेय. जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ एवढं विचारून गप्प राहा. ती गप्प बसली तरी ती शांतता तुम्ही भरू नका.

उत्तर ‘हो’ आलं तर पुढे विचारा : किती वेळा येतो, कसं करायचं हे ठरवलंय का, पूर्वी कधी प्रयत्न केला होता का. काही ठरवलेलं असेल तर तिला क्षणभरही एकटं सोडू नका, एसटीने एकटीला घरी पाठवू नका. घरच्यांना बोलावून थेट जिल्हा रुग्णालयात न्या, गरज पडली तर १०८ ला फोन करा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळता येत नाही. त्याऐवजी कुणाला आणि किती सांगणार, ते तिला आधी सांगा. ‘आईबापाचा विचार कर’ हे वाक्य इथे घातक आहे, कारण आपण त्यांच्यावर ओझं आहोत हेच तर तिला वाटतंय.

टेलिमानस ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीत बोलता येतं. नंबर हातात देण्यापेक्षा तिच्याजवळ बसून तुम्हीच लावून द्या. घरी शेती असेल तर फवारणीची औषधं कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यायला पालकांना सांगा. तीव्र विचार पुष्कळदा थोड्या वेळासाठी उसळतो, तेवढ्या वेळात साधन हाताशी नसलं तर जीव वाचतो.

पोलिसांच्या भीतीने प्रकरण दाबू नका. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा अशा प्रयत्नामागे तीव्र ताण होता असं धरून चालतो, शिक्षेऐवजी उपचाराची बाजू घेतो.

तिने खर्चाचं बोलून दाखवलंय, तेही ऐका. महाडीबीटीवर (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर) तिचा अर्ज कुठे अडकलाय, ते कार्यालयात तिच्यासोबत जाऊन पाहा. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा विचारपूस करा.

प्रश्न : तंबाखू मळल्याशिवाय वेल्डिंगला हात बसत नाही. डोकं शांत होतं. मग वाईट काय?

निकोटिन उतरायला लागलं की बेचैनी येते, पुढच्या चिमटीने तीच बेचैनी जाते. म्हणजे तंबाखूने आणलेला ताण तंबाखूनेच मिटवल्याचं समाधान मिळतं. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात. ते सुट्टीत येतील असे निवड. तल्लफ साधारण काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ बडीशेप किंवा लवंग चघळ. १८००-११-२३५६ वर तंबाखू सोडण्यासाठी मोफत मदत मिळते.

प्रश्न : मानसोपचाराच्या गोळ्या सुरू केल्या तर अप्रेंटिसशिप देणाऱ्या कंपनीला कळेल का?

डॉक्टर तुझी माहिती परस्पर कंपनीला देऊ शकत नाहीत. त्याच २०१७ च्या कायद्याने उपचार गोपनीय ठेवण्याचा हक्क तुला दिला आहे. मात्र डॉक्टरांना तू मशीनवर काम करतोस हे पहिल्याच भेटीत सांग. काही गोळ्यांनी सुरुवातीला झोप येते. अशी गोळी रात्री घेता येते का, आणि किती दिवस लेथपासून लांब राहायचं, हे त्यांच्याकडून लिहून घे.