‘चांगला कॅन्सर’ आणि कोरा चहा

(थायरॉइडच्या कॅन्सरबद्दल आलेली बरीच पत्रं साठली होती. त्यातली चार या वेळी घेतली आहेत. मी डॉक्टर नाही. रत्नागिरीत शाळेत गणित शिकवायचे. २०१३ मध्ये माझी थायरॉइड ग्रंथी कॅन्सरमुळे पूर्ण काढली, एवढाच माझा अधिकार. औषधांबद्दल जे लिहिलंय ते माझ्या डॉक्टरांकडून वाचून घेतलंय.)

ताई, माझ्या बायकोला थायरॉइडचा पॅपिलरी प्रकारचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आता पुढच्या महिन्यात रेडिओआयोडीन (उरलेल्या थायरॉइड पेशी मारणारं किरणोत्सारी आयोडीन) द्यायचं आहे. सगळे म्हणतात, ‘हा चांगला कॅन्सर, घाबरायचं नाही.’ तरी ती गप्प गप्प असते. घरात चार वर्षांचा मुलगा आहे. त्याच्यापासून किती दिवस लांब राहायचं आणि खायला काय द्यायचं?
— एक वाचक, सोलापूर

भाऊ, आधी तो ‘चांगला’ शब्द घरातून हद्दपार करा. लोक वाईट हेतूने बोलत नाहीत, हे मलाही कळतं. पॅपिलरी सावकाश वाढतो, वेळेत उपचार झाले तर बहुतेक माणसं पुढचं आयुष्य नीट जगतात, हे खरंच आहे. पण मला कोणी ‘चांगला कॅन्सर’ म्हटलं की वाटायचं, आता मला रडायचीही सोय राहिली नाही. रडले तर म्हणणार, बघा, एवढ्याशाला रडते. तुमची बायको गप्प आहे ती बहुधा त्यामुळेच. तिला ‘काही होत नाही’ म्हणू नका. ‘कशाची भीती वाटते?’ असं विचारा आणि मग तुम्ही गप्प बसा.

दुसरं कारण शरीरातलं असू शकतं. रेडिओआयोडीनच्या आधी तीन-चार आठवडे थायरॉक्सिनची (काढलेल्या ग्रंथीचं काम करणारी) रोजची गोळी बंद ठेवतात, म्हणजे टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) वाढतो आणि उरलेसुरले थायरॉइडचे कण आयोडीन ओढून घेतात. (गोळी बंद न करता टीएसएच वाढवणारी इंजेक्शनं आहेत, पण महाग.) त्या दिवसांत माणूस माणसात राहत नाही. मी रत्नागिरीच्या मे महिन्यात शाल पांघरून बसले होते. भाजीवालीला पन्नासची नोट दिली आणि बत्तीस वजा केले की किती, हे मला सुचेना. गणिताच्या बाईंना! घरी येऊन देवघरासमोर बसून रडले. तेव्हा तिला हिशेब, गाडी चालवणं, पाहुणे, सगळ्यातून मोकळं करा. गोळी पुन्हा सुरू झाली की हे हळूहळू जातं.

आता खाणं. साधारण आठ ते पंधरा दिवस आयोडीन कमी ठेवायचं असतं, नेमके किती ते तुमचे डॉक्टर सांगतील. आयोडीनयुक्त मीठ बंद म्हणजे फक्त घरातली बरणी नव्हे. फरसाण, विकतचं लोणचं, पापड, बेकरीचा पाव, हॉटेलचं सगळंच बंद. दूध, दही, पनीर, अंड्याचा बलक आणि समुद्राची मासळी नाही. सैंधव चालतं, पण पाकिटावर वाचून घ्या, काही सैंधवातही आयोडीन घातलेलं असतं. आमच्या कोकणात मासळी बंद म्हणजे सुतकच. तुम्हाला सोलापूरला हे सोपं आहे: ज्वारीची भाकरी, घरी सैंधव घालून कुटलेली शेंगदाण्याची चटणी, तुरीचं वरण, भात, भाज्या, फळं. चहा कोरा. मला कोरा चहा शेवटपर्यंत गिळवला नाही. शेजारच्या काकू रोज संध्याकाळी यायच्या, स्वतःचाही कोरा करून प्यायच्या, तोंड वाकडं करून. अख्ख्या आजारपणात तेवढा आधार मला कुणी दिला नाही.

आणि एक महत्त्वाचं: या काळात कुठे सीटी स्कॅनसाठी शिरेतून औषध टोचणार असतील तर आधी सांगा. त्यात भरपूर आयोडीन असतं, उपचार काही आठवडे पुढे जातो.

मुलाचं. या आयोडीनचा किरणोत्सार दर आठ दिवसांनी निम्मा होतो आणि शिवाय बराचसा भाग पहिल्या दोन-तीन दिवसांतच लघवीतून निघून जातो. म्हणून डोस मोठा असेल तर वेगळ्या खोलीत ठेवतात. मी परळला होते. टाटा रुग्णालयाच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, १९६३ पासून. शिशाच्या जाड डब्यातून छोटी बाटली आली, नळीने प्यायला लावलं. चव पाण्याची. एवढ्या मोठ्या नावाचं औषध आणि चव पाण्याची, मला हसूच आलं. मग दार बंद. जेवण दाराशी ठेवायचे. भरपूर पाणी प्यायचं, फ्लश दोनदा ओढायचा, लाळेच्या ग्रंथींसाठी आंबट गोळ्या चघळायच्या. त्या कधी सुरू करायच्या ते तिथेच विचारा.

घरी आल्यावर लहान मूल आणि गरोदर बाई यांच्यापासून किती दिवस, किती अंतरावर राहायचं, हे डोसवर ठरतं. तोंडी ऐकू नका, कागदावर लिहून घ्या. शक्य असेल तर मुलगा तेवढे दिवस आजोळी जाऊ दे. चार वर्षांच्या पोराला ‘आईला शिवू नको’ म्हणण्यापेक्षा मामाकडे आंबे खायला पाठवणं बरं. मात्र ती मुदत संपली की अंतर संपलं. माझ्या जाऊबाईंनी पुढे तीन महिने माझा कप वेगळा ठेवला होता. तो कप मी अजून जपून ठेवलाय, रागाने.

माझं वय २४. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन आणि आयोडीन झालं. सगळे रिपोर्ट चांगले आहेत. घरात स्थळं बघताहेत. आई म्हणते, गळ्यावरची खूण ओढणीने झाक, मंगळसूत्र आलं की दिसणारही नाही. सांगायचं की नाही?
— एक वाचक, नाशिक

सांगायचं. पहिल्या चहा-पोह्यांत नको, पण तुम्ही दोघं एकटे बोलाल तेव्हा, साखरपुड्याच्या आधी, आणि तू स्वतः. मध्यस्थाकडून नको. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेणारी मुलगी ते किती दिवस लपवणार? आईवर चिडू नकोस, ती तिच्या काळातली भीती बोलते आहे.

मुलं होण्याबद्दल तो विचारेलच. आयोडीननंतर साधारण सहा महिने ते वर्ष थांबायला सांगतात, तुझी ती मुदत उलटली आहे. गरोदरपणात गोळीचा डोस बहुतेकदा वाढवावा लागतो, तेव्हा दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांकडे जायचं. बाकी अडचण नाही. हे ऐकून जो उठून जाईल, तो जाऊ दे बाई. तो तुझ्या मधुमेहालाही उठला असता.

खुणेचं म्हणशील तर माझी आता गळ्याच्या वळीत मिसळून गेली. मला खुणेपेक्षा आवाज छळत होता. स्वरयंत्राची नस ग्रंथीच्या अगदी मागून जाते, ती दुखावली तर आवाज बसतो. शाळेत हजेरी घेताना माझा आवाज दुसऱ्या बाकापुढे जाईना. पोरं पण अशी की कुणी दंगा केला नाही. सहा महिन्यांनी बराचसा परत आला. वरच्या पट्टीतलं मात्र अजून गाता येत नाही.

रिपोर्टमध्ये टीएसएच कमी आलाय, ठळक अक्षरात. गावातले डॉक्टर म्हणतात, गोळी जास्त होतेय, निम्मी करा. करू का? ग्रंथी २०१९ मध्ये काढली आहे.
— एक वाचक, चिपळूण

ज्यांनी तुमचा कॅन्सर बघितला त्यांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. कॅन्सरनंतर काही जणांचा टीएसएच मुद्दाम खाली ठेवतात, कारण तो उरलेल्या पेशींना वाढायला चिथावतो. प्रयोगशाळेचा कागद निरोगी माणसाच्या मापाने छापलेला असतो, त्याला तुमची फाइल माहीत नसते. माझीही गोळी अशीच एकदा एका दवाखान्यात कमी झाली, दोन महिन्यांनी तपासणीला गेले तेव्हा उघडकीला आलं. उलटही खरं आहे: कायम फार खाली ठेवला तर छाती धडधडते, हाडं ठिसूळ होतात, म्हणून धोका कमी झाला की डॉक्टर तो थोडा वर येऊ देतात. तुमचा किती असायला हवा, तो आकडा त्यांच्याकडून फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. म्हणजे कुठेही गेलात तरी फाइलच बोलेल.

आणि गोळी चहाबरोबर घेत नाही ना? पाण्याबरोबर, उपाशीपोटी, चहाआधी अर्धा-पाऊण तास. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी. ओठांभोवती, बोटांना मुंग्या येत असतील तर कॅल्शियम कमी झालेलं असू शकतं, तिथे वाट बघायची नाही.

मला थायरॉइड आहे, टीएसएच वाढलेला. याचा कॅन्सर होतो का? आयोडीनचं मीठ बंद करू का?
— एक वाचक, परभणी

थायरॉइड कमी काम करणं हा वेगळा आजार, तो वाढून कॅन्सर होत नाही. मीठ बंद करू नका, वर लिहिलेलं पथ्य फक्त त्या थोड्या दिवसांपुरतं होतं. गळ्यात गाठ लागली, आवाज आठवडेच्या आठवडे बसलेला राहिला, गिळताना अडकलं, तर सोनोग्राफी करून घ्या. बहुतेक गाठी साध्याच निघतात. मीही तेच समजून सात महिने काढले होते. तुम्ही तेवढे काढू नका.