वडील हयात नसताना डीएनए चाचणी: कुणाचा नमुना कुणाशी ताडायचा?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या दादांनी इथल्या चर्चेत विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वडील काही वर्षांमागं वारले, दहन झालं. घरी आई, हे दोघे भाऊ, एक लग्न झालेली बहीण, आणि गावात वडिलांचे धाकटे भाऊ. आता वाटणीच्या दाव्यात एक गृहस्थ उभे राहिलेत, 'मीही त्यांचाच मुलगा, मला हिस्सा पाहिजे' म्हणून. वकील म्हणतात डीएनए मागू. दादा विचारतात, वडीलच नाहीत तर डीएनए कुणाचं करणार? ही चाचणी चालते कशी? आणि ऑनलाइन मिळणारं घरगुती किट कोर्टात चालेल का?

शेवटचं आधी सांगतो. किटच्या नादाला लागू नका. त्यातला अहवाल शास्त्र म्हणून कदाचित बरोबर असेलही, पण गालातला कापूस कुणाच्या तोंडातला हे सांगणारा कुणी त्रयस्थ माणूस नसतो. समोरचा वकील पहिल्या तारखेलाच तो कागद बाजूला ठेवायला लावेल. आणि त्या गृहस्थांनी चहा प्यायलेला कप गुपचूप उचलून पाठवू, असं चर्चेत कुणीतरी सुचवलंय, तसलं तर अजिबात करू नका.

माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत झाली. डीएनए आमच्याकडं होत नव्हतं. पण कोर्टाचा आदेश आला की नमुने घ्यायचे, सील करायचे आणि बेंगळूरला मडिवाळच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडं किंवा हैदराबादला रवाना करायचे, हे काम टेबलावरून बरंच गेलं. त्यामुळं लोकांचा गोंधळ कुठं होतो ते ठाऊक आहे. बहुतेकांना वाटतं, मशीनमध्ये रक्त घातलं की बापाचं नाव छापून येतं. तसं नसतं. अहवाल नेहमी तुलनेचा असतो. एका नमुन्याशेजारी दुसरा ठेवल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. म्हणून 'डीएनए करायचं का' यापेक्षा 'कुणाला कुणाशेजारी ठेवायचं' हे तुम्ही आणि वकिलांनी आधी ठरवलं पाहिजे.

आता चालतं कसं ते. माणसाच्या डीएनएत सुमारे तीन अब्ज अक्षरं असतात आणि कोणत्याही दोन माणसांत त्यातली ९९.९ टक्के सारखीच. तपासणीला उपयोगाचा तो उरलेला फरक. काही ठराविक जागांवर चार अक्षरांचा एकच तुकडा पाठोपाठ पुन्हा पुन्हा येतो. शिवारातला ऊस लांबून सगळा सारखाच दिसतो, जवळ जाऊन कांड्या मोजल्या की कुठं सात, कुठं नऊ, तसंच हे. प्रत्येक जागेवर माणसाकडं दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून.

अकराव्या गुणसूत्रावर (गुणसूत्र म्हणजे डीएनएची गुंडाळी) 'टीएच०१' नावाची जागा आहे, जगभर वापरतात ती. समजा, दावा करणाऱ्याचे तिथले आकडे ७ आणि ९. त्याच्या आईचे ७ आणि ८. म्हणजे ७ आईकडून आला, आणि ९ बापाकडूनच यायला पाहिजे. ज्याला बाप म्हणतात त्याचे आकडे ६ आणि ८ असतील तर त्याच्याकडं द्यायला ९ नाहीच. तरी एवढ्यावर कुणी 'बाप नाही' असं लिहून देत नाही. पिढी बदलताना एखाद्या जागी आकडा एकानं वाढतो-घटतो, हे कधीकधी खऱ्या बापलेकांतही दिसतं. तीन किंवा जास्त ठिकाणी असं निघालं, तर मग नकार पक्का. उलट ९ जुळला तरी आनंद करायचं कारण नाही, कारण ९ असलेले लोक गल्लीत ढीगभर सापडतील. पण अशा वेगवेगळ्या जागा एकामागून एक जुळत गेल्या की योगायोगाची शक्यता गुणाकारानं घटत जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय डीएनए नोंदीत आधी १३ जागा घेत, २०१७ पासून २० झाल्या. प्रयोगशाळांतली आजकालची किटं साधारण पंधरा ते चोवीस जागा एकदम वाचतात.

प्रयोगशाळेत नमुन्यातल्या पेशी रसायनानं फोडतात, प्रथिनं काढून टाकतात आणि डीएनए वेगळं करून किती मिळालं ते मोजतात. एका ग्रॅमचा अब्जावा भाग मिळाला तरी काम भागतं. मग पीसीआर. कोविडात हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला, तेच ते. नळी ९५ अंशांपर्यंत तापवायची, ६०च्या आसपास आणायची, परत ७२ करायची. प्रत्येक फेरीला हव्या त्या तुकड्यांची संख्या दुप्पट होते. अशा २८ ते ३० फेऱ्या. तुकड्यांना चमकणारा रंग लागलेला असतो. ते केसासारख्या बारीक काचनळीतून विजेच्या दाबानं पळवतात, आखूड तुकडा आधी पोचतो, लांब मागाहून. पोचताना लेझरखाली चमकतो आणि संगणकावर शिखर उमटतं. अहवालाच्या मागं जोडलेले शिखरांचे आलेख असतात ते हेच. वकिलांना ते मागून घ्यायला सांगा, नुसता शेवटच्या ओळीचा निष्कर्ष नको.

सुरुवातीला हे एवढं सोपं नव्हतं. इंग्लंडात लेस्टर विद्यापीठात अॅलेक जेफ्रीझ यांना १० सप्टेंबर १९८४ रोजी एक्स-रे फिल्मवर पट्ट्यांची ती नक्षी दिसली. तेव्हा रक्तही बरंच लागायचं आणि वेळही. त्याच भागातल्या दोन मुलींच्या खुनांत या पद्धतीनं पहिलं काम केलं ते गुन्हेगार पकडायचं नव्हे, कबुली दिलेल्या एका निर्दोष पोराला सोडवायचं. खरा गुन्हेगार सापडून त्याला १९८८ साली शिक्षा झाली. आपल्याकडं हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत लालजी सिंह यांनी स्वतःची पद्धत बसवली, आणि तिचं मूळ पट्टेरी मण्यार सापावरच्या त्यांच्या संशोधनात होतं. ती कोर्टात पहिल्यांदा आली केरळातल्या एका पितृत्वाच्याच दाव्यात.

आता तुमच्या घरचं. वडिलांचं काहीच उरलं नाही असं समजू नका. त्यांची कधी गाठ काढली होती का, बायोप्सी झाली होती का? दवाखान्याच्या पॅथॉलॉजी विभागात मेणाच्या ठोकळ्यात तो तुकडा कधीकधी कैक वर्षं ठेवलेला असतो. फॉर्मॅलिननं डीएनएचे तुकडे पडतात, तरी बऱ्याचदा आखूड जागा वाचता येतात. आणि त्यावर नाव, नंबर, तारीख असते, ही मोठी गोष्ट. घरातली टोपी, कवळी, दाढीचं सामान यातूनही डीएनए निघू शकतं, पण 'ही टोपी त्यांचीच कशावरून' या प्रश्नाला उत्तर काय देणार? अस्थींची आशा सोडा. दहनाच्या आचेत सहसा काही टिकत नाही.

ठोकळा नसेल तर वाय गुणसूत्राची चाचणी लोक पहिली सुचवतात. बापाकडून मुलाकडं वाय जवळजवळ जसंच्या तसं जातं, म्हणून दादांचं आणि त्या गृहस्थांचं ताडून बघता येतं. इथंच जरा थांबा. आपल्याकडच्या गावात आख्खी गल्ली एका आडनावाची असते, सगळी भावकी. त्या साऱ्या पुरुषांचं वाय एकच असू शकतं. ते गृहस्थ तुमच्या काकांचे मुलगे असतील, नाहीतर चुलत आजोबांच्या घरातले असतील, तरी वाय जुळणारच. म्हणजे जुळलं तर 'याच वंशातला' एवढंच कळलं, 'यांचाच मुलगा' हे नाही.

आणि नाही जुळलं तर? तर दोघांपैकी निदान एकजण त्या वडिलांचा नाही, एवढंच सिद्ध होतं. कोण, ते नाही. वाईट वाटून घेऊ नका, पण असा अर्ज देण्याआधी घरात बसून याचा विचार करायला पाहिजे. म्हणूनच काकांचा नमुना सोबत घ्यावा लागतो.

सगळ्यात भरवशाचा मार्ग घरातल्या सगळ्यांना घेऊन. तुमच्या आईचे आकडे माहीत झाले की तुम्हा तीन भावंडांच्या आकड्यांतून आईचा वाटा वजा करायचा, उरेल तो वडिलांचा. तीन मुलं असली तर साधारण चारातल्या तीन जागांवर वडिलांचे दोन्ही आकडे मिळतात. मग त्या गृहस्थांचे आणि शक्य असेल तर त्यांच्या आईचे आकडे त्याशेजारी ठेवायचे. बहिणीला विसरू नका. तिचा हिस्सा तर आहेच, कर्नाटकानं १९९४ सालीच तशी दुरुस्ती केली, पण तिचा नमुनाही भावांच्या नमुन्याइतकाच कामाचा. दावा एखाद्या बाईचा असता तर तो जास्तच कामाचा झाला असता, कारण एका बापाच्या सगळ्या मुलींना त्याचं एकुलतं एक एक्स गुणसूत्र मिळतं.

नुसतं एका भावाला आणि त्या गृहस्थांना घेऊन 'सावत्र भाऊ आहेत का बघा' म्हटलं, तर अहवाल बऱ्याचदा अधांतरी येतो. सावत्र भावंडांत सरासरी पाव भागच सारखा असतो, आणि चुलते-पुतणे यांच्यातही तेवढाच. पैसे जातात, तारखा जातात आणि हातात 'निश्चित सांगता येत नाही' असा कागद.

चर्चेत एकजण म्हणाले, 'डीएनए म्हणजे शंभर टक्के, न्यायाधीश बघतातच.' मी वकील नाही, पण तेवढं सोपं नाही हे बघून ठाऊक आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६ (जुन्या पुरावा कायद्याचं ११२) असं सांगतं की लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल हे त्या नवऱ्याचंच धरायचं, त्या काळात दोघांचा संबंध येणं शक्यच नव्हतं असं दाखवलं तरच वेगळं. म्हणजे त्या गृहस्थांच्या आईचं तेव्हा दुसऱ्या कुणाशी लग्न झालेलं होतं का, हे कोर्ट रक्ताआधी बघेल. २०१४ साली महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं चाचणीचा निकाल या गृहीताच्या वर धरला. पण २०२१ साली तुमच्यासारख्याच मालमत्तेच्या दाव्यात, वादीची तयारी नसताना त्याच्यावर डीएनएची सक्ती करता येणार नाही, असंही सांगितलं. नकार दिला तर कोर्ट त्याचा अर्थ विरुद्ध काढू शकतं, तो भाग वेगळा. शिवाय ते गृहस्थ खरंच तुमच्या वडिलांचे मुलगे निघाले आणि त्यांच्या आईचं लग्न कायद्यानं टिकणारं नसलं, तरी हिस्सा शून्य होतो असं समजू नका. २०२३ च्या निकालानं अशा मुलांना आईवडिलांच्या वाट्यातला भाग दिला आहे. वडिलार्जित जमिनीत तो किती, हे उतारे घेऊन वकिलांकडूनच समजून घ्या.

बाकीच्यांच्या शंका पटकन. या चाचणीला 'डीएनए फिंगरप्रिंटिंग' म्हणतात खरं, पण आधारला घेतात ते बोटांचे ठसे आणि हे, यांचा नावापलीकडं संबंध नाही. जुळ्यांचे बोटांचे ठसे वेगळे असतात, पण एकसारख्या जुळ्यांचं डीएनए या चाचणीत वेगळं काढता येत नाही. दुसऱ्याचं रक्त चढवलं म्हणून सहसा काही बिघडत नाही. बोन मॅरो बदललेला असेल तर मात्र रक्तात दात्याचे आकडे येतात, ते आधी सांगायला पाहिजे. अहमदाबादला जून २०२५ मध्ये विमान पडलं तेव्हा ओळख पटवायला नातेवाइकांचं रक्त घेतलं, ते याच हिशेबानं. खानापूरच्या जंगलात विष्ठा सापडली तर वाघ की बिबट्या, नर की मादी, हेही याच विद्येनं कळू शकतं. बासमतीतली भेसळ हैदराबादची सीडीएफडी ही डीएनए तपासणारी संस्था अशीच पकडते. आपण बेळगाव बासमती म्हणतो तो तांदूळ मात्र उत्तरेकडच्या बासमतीच्या भौगोलिक मानांकनात बसत नाही, वासाला कितीही छान असला तरी. आणि चेष्टेत ज्यांनी विचारलं की माणूस मराठी की कन्नड हे डीएनएवरून कळेल का, त्यांना सांगतो, नाही. तो सीमेचा प्रश्न २००४ पासून दिल्लीच्या कोर्टात आहे, मडिवाळला पाठवून सुटणारा नाही.

नमुन्याच्या दिवशी दोन्ही बाजू हजर पाहिजेत. ओळखपत्र, फोटो, सही-अंगठा आणि तुमच्यासमोर लाखेचं सील. कापूस लावलेली काडी वाळवून कागदी पाकिटात घालतात. कुणी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालत असेल तर तिथंच हरकत घ्या, ओल राहिली की बुरशी येते आणि डीएनए सडतं. काका वयस्कर असतील तर वकिलांना त्यांच्या नमुन्याचा अर्ज आधी द्यायला सांगा. रक्ताचा थेंब खास कागदावर वाळवला की साध्या कपाटातही वर्षानुवर्षं टिकतो, पुढं तारखा किती का पडेनात. उपाशी राहायची गरज नाही. फक्त गालातून नमुना घ्यायचा असेल तर अर्धा तास आधी काही खायचं नाही आणि चूळ भरायची. काकांना तंबाखूची सवय असेल तर तेवढा वेळ डबी तुमच्याकडं घेऊन ठेवा.