अंडकोश कुणाचा, अंडाशय कुणाचा?

प्रश्न असा आहे: ‘अंडाशय’ बाईच्या शरीरात आणि ‘अंडकोश’ पुरुषाच्या, असं का? अंडाशयातलं अंड समजतं, पण पुरुषाच्या शरीरात अंड आलं कुठून? शिवाय काही आरोग्यलेखांत बाईच्याच अवयवाला ‘बीजांडकोश’ म्हटलेलं असतं, तो आणखी वेगळा का?

सगळा घोळ ‘अंड’ या शब्दात आहे आणि तो फार जुना आहे. संस्कृतात ‘अण्ड’ म्हणजे पक्ष्याचं अंडं, आणि ‘अण्ड’ म्हणजेच वृषणही. आकार सारखा, म्हणून नाव सारखं. हे दोन्ही अर्थ मराठीत उतरले. उबवायचं ते ‘अंडं’ झालं, शरीरातलं ते ‘अंड’ राहिलं. न ठेचलेल्या बैलाला किंवा घोड्याला ‘आंडील’ म्हणतात, तो शब्द इथलाच. ‘अंडवृद्धी’ हा आजारही पुरुषांचाच. म्हणजे अंडकोशातलं अंड ही अख्खी ग्रंथी आहे, चार-पाच सेंटीमीटर लांबीची. अंडाशयातलं अंड ही मात्र एकच पेशी, सुमारे 0.1 मिलिमीटर व्यासाची. ग्रंथीचं नाव एकीकडे आणि ग्रंथीत तयार होणाऱ्या पेशीचं नाव दुसरीकडे, असा हा प्रकार आहे. दोन शब्द जोडीचे वाटतात, पण ते जोडीचे नाहीत.

आता उत्तरपदं, म्हणजे या शब्दांचे दुसरे भाग, पाहू. ‘कोश’ म्हणजे आवरण, म्यान, खोळ. रेशमाच्या किड्याचा कोश तसाच अंडकोश: दोन्ही ग्रंथींना पोटात घेणारी त्वचेची पिशवी. ‘आशय’ आला ‘शी’ या धातूपासून. ‘शयन’ही त्यातूनच. आशय म्हणजे काहीतरी पडून, साठून राहण्याची जागा: जलाशय, मूत्राशय, पित्ताशय. सुश्रुतसंहितेत शरीरातले सात आशय मोजले आहेत आणि स्त्रियांमध्ये आठवा गर्भाशय सांगितला आहे. त्या यादीत अंडाशय नाही, आणि नसणारच. स्त्रीच्या शरीरात अंडपेशी असते हे कळायला फार काळ जायचा होता.

युरोपातही यापेक्षा वेगळं नव्हतं. तिथले शरीरशास्त्रज्ञ दुसऱ्या शतकातल्या गेलन या ग्रीक वैद्यापासून शतकानुशतकं अंडाशयांना चक्क ‘स्त्रीची वृषणं’ म्हणत होते. 1672 मध्ये रेनिअर द ग्राफ या डच वैद्याने अंडाशयातल्या द्रवाने भरलेल्या पुटिकांचं बारकाईने वर्णन केलं. पुटिका म्हणजेच अंडं, असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात अंडपेशी त्या पुटिकेच्या आत असते. सस्तन प्राण्याची ती पेशी पहिल्यांदा ओळखली कार्ल एर्न्स्ट फॉन बेअरने, 1827 मध्ये, कुत्रीच्या अंडाशयात. ‘अंडाशय’ हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो, तो अर्थ या सगळ्या शोधांच्या खांद्यावर उभा आहे.

आणि तरीही दोघांना एकच नाव देणारे जुने लोक एका बाबतीत नकळत बरोबर होते. गर्भ सुमारे सहा आठवड्यांचा होईपर्यंत ही ग्रंथी मुलात आणि मुलीत अगदी एकसारखी असते. वाय गुणसूत्रावरच्या एका जनुकामुळे तिचं वृषण होतं. ते जनुक नसेल तर अंडाशय होतो. दोन्ही पोटातच जन्म घेतात. पुढे अंडाशय ओटीपोटात राहतो. वृषण मात्र गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत खाली सरकत पोटाबाहेरच्या पिशवीत उतरतं, कारण शुक्रपेशी नीट तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-चार अंश सेल्सिअस कमी तापमान लागतं. ‘कोश’ एकाच्या वाट्याला का आला, ते यावरून स्पष्ट व्हावं.

‘बीजांडकोश’ हा मराठी डॉक्टरांच्या लेखणीतला शब्द. कुणी त्यालाच नुसतं ‘बीजकोश’ म्हणतं. याच घराण्यातला ‘स्त्रीबीज’ हा शब्द मला मनापासून आवडतो. पुरुष म्हणजे बीज आणि स्त्री म्हणजे शेत, ही आपल्याकडची फार जुनी कल्पना. ‘स्त्रीबीज’ म्हटलं की ती कल्पना एका शब्दात मोडते: बीज दोघांकडेही आहे, गर्भ दोघांच्या पेशींच्या मिलनातून होतो. पण ‘बीजांड’ला अडचण आहे. शाळेच्या विज्ञानात बीजांड फुलात असतं आणि फलनानंतर त्याचं बी होतं. ज्या मुलाने ते वाचलंय, त्याला बाईच्या शरीरातला बीजांडकोश गोंधळात टाकणार. अंडाशयही फुलात आहे हे खरं, पण तिथे आणि इथे काम सारखं आहे, म्हणून तो खटकत नाही. मी स्वतः ‘अंडाशय’च लिहितो.

‘आशय’ या पदाने मात्र एके ठिकाणी खरोखर फसवलं आहे, आणि प्रश्नाबाहेरचं असलं तरी ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुरुषाच्या शरीरात मूत्राशयाच्या मागे दोन ‘शुक्राशय’ असतात. नावावरून वाटतं, शुक्रपेशींचं कोठार. जुन्या शरीरशास्त्रज्ञांचा समजही तोच होता आणि लॅटिन नावही त्याच समजुतीचं आहे. पण शुक्रपेशी तिथे साठत नाहीत. त्या साठतात अधिवृषणात, म्हणजे वृषणाच्या मागच्या बाजूला चिकटलेल्या नळीच्या वेटोळ्यात. ही नळी उलगडली तर सुमारे सहा मीटर भरते. शुक्राशय ही स्राव बनवणारी ग्रंथी आहे. वीर्याचा निम्म्याहून जास्त द्रव तिथून येतो. अंडाशयही नुसती साठवणीची जागा नाही म्हणा, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं तोच बनवतो. पण निदान अंडपेशी त्यात असतात तरी. मुलगी जन्मते तेव्हाच त्यांची संख्या दहा-वीस लाख असते आणि आयुष्यभरात त्यांतल्या जेमतेम चारशे-पाचशे परिपक्व होऊन बाहेर पडतात.

मग लिहिताना काय वापरावं? ग्रंथीला ‘वृषण’, पिशवीला ‘वृषणकोश’. पाठ्यपुस्तकांनी हे शब्द रुजवले आहेत आणि ते निःसंदिग्ध आहेत. ‘वृषण’ आला ‘वृष्’ म्हणजे वर्षाव करणे या धातूपासून. वृष, वृषभ त्याचेच सोयरे. संस्कृतात ‘मुष्क’ असाही शब्द आहे, मूषकाशी नातं सांगणारा. फारसीतला कस्तुरीवाचक ‘मुश्क’ त्यावरूनच आला असं व्युत्पत्तिकार मानतात. ‘अंडकोश’ हा शब्द मी लिखाणातून सोडून द्यावा अशा मताचा आहे. एकाला तो पिशवी वाटतो, दुसऱ्याला ग्रंथी, आणि घाईच्या अनुवादात तो बाईच्या अंडाशयासाठीही येऊन बसतो. हा केवळ शुद्धतेचा आग्रह नाही. एखाद्या मुलाचं वृषण पिळवटलं जाऊन अचानक तीव्र दुखू लागलं, तर ते वाचवायला साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते. अशा वेळी त्याला आपल्या अवयवाचं नाव न लाजता, न चुकता सांगता आलं पाहिजे.

राहता राहिलं ‘कोश’ की ‘कोष’. संस्कृतात दोन्ही चालतात. हिंदीत ‘अंडकोष’ रूढ आहे आणि तिथे तो पुष्कळदा ग्रंथीसाठीच वापरतात, म्हणून हिंदीवरून मराठीत आणताना जपून. मराठीत शब्दकोश, पुष्पकोश तसाच वृषणकोश, श शहामृगाचा.