मश्रूम रोज भरवूनही आक्रसतायत? आधी भरवणं थांबवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १५० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक, पाच महिने झालेला. त्यात मश्रूम कोरल, म्हणजे छत्रीसारखे मऊ प्रवाळ: दोन लाल डिस्कोसोमा आणि एक हिरवा केसाळ ऱ्होडॅक्टिस, तिघंही दगडाच्या माथ्यावर. एलईडी ८० टक्क्यांवर. रोज रात्री मायसिस (कोलंबीसारखे बारीक गोठवलेले जीव) देता, तरी तिघंही लहान होत चाललेत आणि एक डिस्कोसोमा तर सुटून ओव्हरफ्लोच्या (टँकमधलं पाणी बाहेर पडतं त्या जागेच्या) दात्यांना जाऊन चिकटला. नायट्रेट ५०, फॉस्फेट ०.४, क्षारता (पाण्याचा खारेपणा, विशिष्ट गुरुत्वात) १.०२२. सोबत दोन क्लाउनफिश आणि एक क्लीनर श्रिंप. आणखी काय खायला देऊ, असं तुम्ही विचारलंय.

काहीच देऊ नका. निदान दोन आठवडे तरी. मश्रूमचं पोट मुख्यतः त्याच्या अंगातल्या सूक्ष्म शैवालावर चालतं. प्रकाश आणि पाण्यात विरघळलेलं नायट्रेट-फॉस्फेट मिळालं की डिस्कोसोमा महिनोन्‌महिने एक कणही न घेता पसरत राहतो. तुमच्याकडे हे दोन्ही गरजेपेक्षा जास्त आहे, म्हणजे भुकेचा संबंध नाही. तीन गोष्टी दिसतायत: उजेड जास्त, प्रवाह जास्त, आणि रोजच्या मायसिसचा बराचसा भाग श्रिंपच्या पोटात आणि उरलेला पाण्यात.

उजेडापासून सुरू करा, कारण तो आजच बदलता येतो. डिस्कोसोमाला पार (शैवालाला वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप) ५० ते १०० पुरतं, ऱ्होडॅक्टिसलाही साधारण तेवढंच. ८० टक्क्यांवरच्या एलईडीखाली दगडाच्या माथ्यावर याच्या दुप्पट-तिप्पट सहज भरतं. पार मीटर नसेल तर मश्रूमच सांगतो. उजेड जास्त झाला की तो नाण्याएवढा होतो, कडा वर वळून वाटीसारखा दिसतो, रंग फिका पडतो. कमी पडला की उलट, देठ लांबवून उजेडाच्या दिशेने झुकतो आणि पातळ पापडासारखा पसरतो. तिन्ही मश्रूम खाली वाळूवर किंवा दगडाच्या पायथ्याशी आणा आणि लाइट ४० टक्क्यांवर. मग आठवड्याला ५ टक्के वाढवायचे, आणि कडा वळायला लागल्या की मागच्या आकड्यावर येऊन थांबायचं. वर बाकी कोरल असतील आणि त्यांना उजेड हवा असेल तर लाइट कमी न करता मश्रूम फक्त दगडाच्या सावलीत सरकवा, तेवढंही चालतं.

प्रवाहाचं माप साधं आहे. कडा मंद हलत राहावी. पावसात उलटलेल्या छत्रीसारखा मश्रूम वर उचलला जात असेल तर वेव्हमेकरचा (पाणी ढवळणाऱ्या पंपाचा) झोत त्याच्यावर थेट येतोय. असा मश्रूम काही दिवस धरून बसतो, मग पाय सोडतो आणि पाण्यासोबत निघून जातो. जागा आवडली नाही की सुटून जाणं ही त्याची पद्धतच आहे. तुमचा डिस्कोसोमा मेला नाही, त्याने घर बदललं. ओव्हरफ्लोच्या दात्यांवरून त्याला ओढू नका. रिटर्न पंप (पाणी टँकमध्ये परत आणणारा) बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग बोटाने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाने पायाच्या बाजूने हळूच सोडवा.

परत चिकटवायला सुपरग्लूसारखा गोंद वापरू नका. सायनोअ‍ॅक्रिलेट दगडाला धरतो, मश्रूमच्या चिकट अंगाला नाही. एक-दोन दिवसांत गोंदाचं पापुद्रं तेवढं दगडावर उरतं. रबरबँड आणि दोरा मांसात रुततात, टूथपिकने भोसकल्यावर कुजण्याचीच शक्यता जास्त. जे चालतं ते असं: श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या (साबण न लावता धुतलेला), तळाशी लाइव्ह रॉकचा (टँकमधल्या सच्छिद्र, सजीव दगडाचा) एक-दोन सेंटिमीटरचा चुरा पसरा, त्यावर मश्रूम ठेवा, डब्याच्या तोंडाला मच्छरदाणीची जाळी ताणून बांधा आणि डबा टँकमधल्या सर्वांत शांत, अर्ध्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवा. ८ ते १५ दिवसांत तो एखादा तुकडा धरतो. मग त्या तुकड्याला खालून जेल प्रकारचा सायनोअ‍ॅक्रिलेट लावून हवा तिथे बसवायचा. पातळ, पाण्यासारखा गोंद नको, तो ओघळतो. डब्यात रोज डोकावा, पण हलवून पाहू नका. अर्धवट धरलेला पाय सुटला की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

आता पाणी. १.०२२ हा आकडा काटा हलणाऱ्या प्लास्टिक हायड्रोमीटरवरचा असेल तर तो आधी बाजूला ठेवा. काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी तो वर उचलला जातो आणि वाचन जास्त दाखवतो. म्हणजे खरी क्षारता १.०२२ पेक्षाही कमी असू शकते. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर पाण्यातून खारेपणा मोजणारं उपकरण) घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) द्रावणाने जुळवा, नुसत्या आरओ पाण्याने नाही. लक्ष्य १.०२५ ते १.०२६. पण एका दिवसात नेऊ नका, रोज ०.००१ पुरे.

घरातल्या प्यायच्या आरओचं पाणी वापरत असाल तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजा. बहुतेक घरगुती यंत्रांत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळणारा टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं, त्यामुळे ४०-८० टीडीएस येतं. टँकला शून्य हवं, म्हणजे मिनरल कार्ट्रिजच्या आधीचं पाणी घेऊन पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारं) लावायचं. पितळी तोट्या, तांब्याची भांडी आणि माशांची तांबेयुक्त औषधं यांतलं काहीही त्या पाण्याजवळ नको.

नायट्रेट ५० आणि फॉस्फेट ०.४ हे मश्रूमसाठी विष नाही. ते थोडं मळकट पाणी पसंत करतात, आणि शून्य-शून्य टँकमध्येही आक्रसतात. नायट्रेट ५ ते २०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ या पट्ट्यात आणा, पण हळू. दर आठवड्याला २२ लिटर, म्हणजे १५ टक्के पाणी बदललंत आणि वरून खाणं टाकून नायट्रेटची भर घातली नाहीत, तर चार आठवड्यांत ५० चं साधारण २६ होईल. फॉस्फेट त्या गतीने उतरणार नाही, दगडांत मुरलेलं असतं, ते बाहेर येत राहतं. म्हणून घाबरून फॉस्फेट रिमूव्हरचा पूर्ण डोस टाकू नका, चौथाईपासून सुरू करा. कार्बोनेट हार्डनेस (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ८-९ असला की झालं. मश्रूमला सांगाडा नसतो, त्यामुळे त्याच्यासाठी कॅल्शियमच्या बाटल्या विकत घेणं म्हणजे दुकानदाराची सोय.

तापमान २५-२६. आपल्याकडे खरी परीक्षा मे महिन्यात. पाण्यावर लावलेला पंखा पुण्या-नागपूरच्या कोरड्या हवेत दोन-तीन अंश सहज उतरवतो. मुंबई-ठाण्याच्या किंवा कोकणातल्या दमट हवेत बाष्पीभवनच कमी, तिथे पंख्यावर विसंबू नका, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) बघा. पंखा लावला की रोज दोन-तीन लिटर पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. रोज ३ लिटर धरलं आणि तीन दिवस भर घालायची विसरलात तर ३५ पीपीटीचं ३७ च्या वर जातं. ऑटो टॉपऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) नसेल तर काचेवर मार्कर पेनने रेघ मारा आणि रोज सकाळी त्या रेघेपर्यंत गोडं पाणी भरा. खारं नाही!

दोन आठवड्यांनी मश्रूम फुलले की भरवण्याकडे वळू. इथे जातीजातीत फरक आहे. डिस्कोसोमाला नावापुरतेच टेंटॅकल (शिकार पकडणारे बारीक हात) असतात, तो चिकट स्रावात बारीक कण पकडतो. मायसिसचा अख्खा दाणा त्याच्यावर ठेवणं म्हणजे श्रिंपला ताट वाढणं. द्यायचंच असेल तर पंधरा दिवसांतून एकदा अर्ध्या मिलिमीटरच्या आतली पूड, चिमटीपेक्षा कमी. ऱ्होडॅक्टिस मात्र खरा खाणारा. त्याला आठवड्यातून एकदा ४-५ मिलिमीटरचा एक तुकडा. पुढे कधी रिकॉर्डिया (मश्रूमचाच आणखी एक प्रकार) घेतलात तर फ्लोरिडा जातीला हेच वेळापत्रक; युमा नाजूक असते, जागा बदलली तरी विरघळते, तिला नव्या टँकमध्ये आणूच नका.

मायसिसचा क्यूब टँकच्याच पाण्यात वितळवा आणि चहाच्या गाळणीतून गाळा. ते गढूळ पाणी सिंकमध्ये, कारण त्यातूनही थोडं फॉस्फेट टँकमध्ये जातं. मासळी बाजारात ओला जवळा मिळाला तर तो आकाराने उत्तम. आरओ पाण्यात धुऊन, छोट्या पुड्यांत फ्रीझरमध्ये दोन-तीन दिवस ठेवून मग वापरायचा. सुका जवळा नको, त्यात वाळू आणि मीठ असतं आणि तो पाण्यात भिजूनही टोचरा राहतो. कोलंबी चालते, सोललेली, हळद-मीठ न लागलेली, बारीक चिरलेली. तयार गोठवलेल्या सोललेल्या कोलंबीच्या पाकिटावर फॉस्फेट लिहिलेलं असेल तर ती तुमच्या जेवणाला ठीक, टँकला नाही.

भरवताना आधी वेव्हमेकर आणि रिटर्न दोन्ही बंद. मोबाइलवर ३० मिनिटांचा टायमर लावा. पंप चालू करायचा राहून गेला आणि सकाळी मासे पृष्ठभागावर धापा टाकत होते, हा अपघात या छंदात नेहमीचा. दोन मिनिटांनी पाणी स्थिरावलं की सिरिंजला १५-२० सेंटिमीटरची कडक नळी लावून मायसिस भिजलेल्या पाण्याचे दोन-तीन थेंब ऱ्होडॅक्टिसवर सोडा. दोन-तीन मिनिटांत तोंड किंचित उघडेल, कडा उचलल्या जातील. मग तुकडा तोंडाशेजारी ठेवा, तोंडात कोंबू नका. बटव्याची नाडी ओढावी तशा कडा आत येतात, पण सावकाश, पूर्ण मिटायला पंधरा-वीस मिनिटं घेतो. त्या वेळात क्लीनर श्रिंप येणारच, तो मिटलेल्या मश्रूममध्ये पाय घालून घास उपसतो. त्यावर उपाय म्हणजे पाण्याच्या बाटलीचा वरचा अर्धा भाग कापून, बूच काढून, मश्रूमवर घुमटासारखा ठेवायचा. वरच्या तोंडातून सिरिंज जाते, श्रिंप बाहेर राहतो. त्याआधी श्रिंपला दुसऱ्या टोकाला एक दाणा दिलात तर तो गुंतून राहतो. अर्ध्या तासाने घुमटाखाली उरलेलं सिरिंजने ओढून घ्या.

दुसऱ्या दिवशी चिकट पडद्यात गुंडाळलेला तपकिरी गोळा शेजारी पडलेला दिसला तर घास मोठा होता, पुढच्या वेळी निम्मा. तोंड सताड उघडं आणि त्यातून पांढरे-तपकिरी धागे बाहेर आलेले असतील तर प्रकरण वेगळं. ते त्याच्या पोटातले तंतू आहेत, म्हणजे तो ताणाखाली आहे. त्याला भरवू नका, क्षारता आणि तापमान तपासा.

‘एलिफंट इअर’ नावाचा मोठा मश्रूम, अ‍ॅम्प्लेक्सिडिस्कस, दुकानात फार देखणा दिसतो. तो पिशवीसारखा मिटून लहान मासे गिळतो, आणि इतर मश्रूमच्या मानाने पटकन मिटतो. घर शोधत फिरणाऱ्या क्लाउनफिशला त्याची कूस अ‍ॅनिमोनसारखी वाटते. तुमच्या १५० लिटरमध्ये तो नकोच.

ऱ्होडॅक्टिस मोठा झाला की कडेच्या फुगीर टेंटॅकलनी शेजारच्या दगडी कोरलना जाळतो, म्हणून ८-१० सेंटिमीटर अंतर सोडा. त्याला मुख्य दगडावर न बसवता वाळूवर एकट्या दगडाचं बेट करून द्या, कारण पसरायला लागला की थांबत नाही. पॅसिफिकमधल्या पाल्मायरा अ‍ॅटॉलवर १९९१ मध्ये मासेमारीचं जहाज रीफवर फुटलं, आणि त्या सांगाड्याभोवती ऱ्होडॅक्टिस असा माजला की दगडी प्रवाळ त्याखाली झाकलं गेलं; शेवटी २०१३-१४ मध्ये जहाजाचा सांगाडा काढावा लागला. टँकमध्येही दगडावर पायाचा छोटा तुकडा राहिला तरी त्यातून नवा डिस्कोसोमा उगवतो, त्यामुळे खरवडून काढल्याने तो संपत नाही. दगडच बाहेर काढावा लागतो. असा दगड उकळू मात्र नका. त्यावर झोॲन्थिड (बटणासारखे छोटे प्रवाळ) असतील तर वाफेतून त्यांचं पॅलिटॉक्सिन हे जहर फुप्फुसात जाऊ शकतं.

खाली आणल्यावर आठवडाभर ते आणखी आक्रसलेले दिसतील, त्यात विशेष नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिवे लागल्यावर तासाभरात कडा पसरायला हव्यात. डब्यातला मश्रूम मेला की झोपलाय कळत नसेल तर चमच्याने पाण्याबाहेर काढून वास घ्या. समुद्राचा वास आला तर परत ठेवा. कुजक्या अंड्याचा वास आला आणि अंग बोटाला शेंबडासारखं लागलं, तर तो टाकून द्या आणि डब्यातलं पाणी टँकमध्ये न सांडता बाहेर ओता.